पिवळा उजेड, पांढरा उजेड

घराला रंग काढला किंवा स्वयंपाकघरातला ओटा नवा केला की हल्ली वायरमन एक प्रश्न हमखास विचारतो, "काकू, पट्टी वॉर्म लावू की कूल?" पट्टी म्हणजे एलईडीची पट्टी. पाच मीटरचं भेंडोळं मिळतं. हवं तेवढं कापायचं, मागचा कागद सोलून चिकटवायचं आणि तार जोडायची. पीओपीच्या छताच्या खोबणीत, ओट्यावरच्या कपाटाखाली, टीव्हीच्या मागे, देवघराच्या कमानीत, जिकडे तिकडे आता हीच पट्टी दिसते. वॉर्म म्हणजे पिवळा उजेड आणि कूल म्हणजे पांढरा.

प्रश्न एवढासा, पण त्यावरून घराघरात जे वाद होतात ते ऐकण्यासारखे असतात. आमच्याकडेही झाला. सून म्हणाली, वॉर्मच हवी. माझे धाकटे दीर म्हणाले, एवढा पैसा घालून घरात कंदील लावल्यासारखा उजेड कशाला? नातू म्हणाला, पांढरी लावली तर दवाखान्यात बसल्यासारखं वाटेल. कंदील आणि दवाखाना! मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या सगळं शिकवलं, पण घरात उजेड कसा आला हा धडा काही कधी शिकवायला मिळाला नाही. तो आज शिकवावा म्हणते. कारण या दोन शब्दांत दोन पिढ्यांचा इतिहास भरलेला आहे.

आधी दुकानातल्या खोक्यावरचा आकडा समजून घेऊ. तिथे २७००, ३०००, ४०००, ६५०० असं लिहिलेलं असतं आणि पुढे के हे अक्षर. के म्हणजे केल्विन, तापमान मोजायचं एकक. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना तुम्ही पाहिलं असेल. आधी ते लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं आणि फार तापलं की पांढरं दिसू लागतं. उजेडाचा रंग सांगायला शास्त्रज्ञांनी हेच माप घेतलं. मेणबत्तीच्या ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, जुन्या तारेच्या बल्बचा २७०० च्या आसपास, आणि भर दुपारचा उजेड ५५०० ते ६५०० चा. गंमत अशी की ज्याला आपण वॉर्म म्हणतो तो कमी तापलेल्या वस्तूचा उजेड आणि ज्याला कूल म्हणतो तो जास्त तापलेल्या वस्तूचा. विद्यार्थ्यांना हे सांगितलं असतं तर हमखास हात वर झाले असते, "बाई, उलटं झालं!" उलटंच आहे ते. नाव डोळ्यांना वाटणाऱ्या ऊबेवरून पडलं आणि आकडा भट्टीवरून आला.

तर पिवळ्या उजेडाकडे वळू. माणसाच्या घरात हजारो वर्षं फक्त पिवळाच उजेड होता. पणती, समई, निरंजन, लामणदिवा, सगळे ज्योतीचे. मग एकोणिसाव्या शतकात खनिज तेल आलं. रॉकेल हा आपला शब्द म्हणजे इंग्रजीतल्या 'रॉक ऑइल'चंच रूप. तेल बदललं, दिव्याला काच आली, पण रंग तोच राहिला. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. मी चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत घरात वीज नव्हती. माजघरात एक कंदील आणि स्वयंपाकघरात बिनकाचेची चिमणी. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसायचं काम आम्हा मुलींचं, कारण लहान हातच काचेत जायचा. काच तडकली तर नवी आणेपर्यंत तिला कागदाची चिकटी.

कंदिलाभोवती बसून केलेल्या अभ्यासाबद्दल पुष्कळ जण हळवं होऊन लिहितात. मला ते जमत नाही. एका कंदिलात चार जण वाचत असू, आणि ज्याच्या वाट्याला दांड्याची सावली येई त्याने मान वाकडी करून वाचायचं. सकाळी नाक शिंकरलं की काजळी. पुढे शिक्षिका झाल्यावर माझ्या वर्गात अशी मुलं पुष्कळ होती. गृहपाठाच्या वहीला रॉकेलचा वास आला की घरची परिस्थिती न विचारता कळायची. आमच्या पिढीच्या मनात पिवळा उजेड म्हणजे ही काजळी आणि हा वास. दिरांच्या तोंडी 'कंदील' आला तो तिथून.

पांढरा उजेड खेड्यात पहिल्यांदा आला तो विजेच्या आधी, गॅसबत्तीतून. व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली तिच्या जाळीचं पेटंट घेतलं. सुती जाळी थोरियम आणि सेरियम या धातूंच्या क्षारांत भिजवायची. ती पेटवली की सूत जळून जातं आणि मागे उरलेला राखेचा सांगाडा तापून लख्ख पांढरा उजळतो. वेल्सबाखच्या पक्क्या मिश्रणात ९९ भाग थोरियम आणि अवघा एक भाग सेरियम असे. या सेरियमचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आपल्या देशाचाही यात वाटा आहे. १९०९ साली त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम असलेलं मोनाझाइट सापडलं आणि ती वाळू या जाळ्यांसाठी जहाजांत भरून जर्मनीला जाऊ लागली.

गॅसबत्ती रोजची नव्हती. वरात, कीर्तन, जत्रा, तमाशा, नाहीतर कुणाच्या घरी रात्रीची पंगत. बत्ती पेटवणारा माणूस पंप मारत बसे आणि आम्ही पोरं गोल करून बघत उभी. जाळीला बोट लागलं की तिची राख होई, त्यामुळे जवळ गेलं की पाठीत धपाटा. वरातीत त्या बत्त्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायामाणसांच्या स्वतःच्या घरी मात्र चिमणीच असे. म्हणजे पांढरा उजेड हा सणाचा आणि दुसऱ्याच्या दारातला. हे लहानपणी मनात पक्कं बसतं.

वीज शहरात आधी आली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ सालीच विजेचे दिवे लागले होते. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरच्या पावसाची वीज मुंबईला मिळू लागली. पण या उजेडाचं बिल सगळ्यांनी सारखं भरलं नाही. मुळशीला याच कामासाठी धरण बांधायचं ठरलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. सत्याग्रह मोडला, धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. वर्गात मुळशी सत्याग्रह शिकवताना मी मुलांना मान वर करून छताच्या दिव्याकडे बघायला सांगत असे. धडा एकदम जवळचा व्हायचा.

आमच्याकडे वीज आली ती कोयनेची. कोयनेचं वीजकेंद्र १९६२ साली सुरू झालं आणि पुढच्या तीन-चार वर्षांत आमच्या गावात खांब आले. घरात दोन बल्ब. बल्बचा उजेडही पिवळाच, पण काजळीविना, आणि बटण दाबलं की हजर. मात्र संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की दाब उतरायचा आणि बल्बची तार निखाऱ्यासारखी लाल दिसायची. पुन्हा तीच खूणगाठ, की पिवळा-तांबडा उजेड म्हणजे काहीतरी कमी आहे.

मग आली ट्यूब. अमेरिकेत ती १९३८ साली बाजारात आली आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे हळूहळू पसरली. हिच्यात तापणारी तार उजेड देत नाही. नळीतल्या पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. नळीला आतून लावलेली पांढरी भुकटी ते किरण शोषून दिसणारा उजेड देते. चाळीस वॉटची ट्यूब साठ वॉटच्या बल्बच्या तिपटीहून जास्त उजेड द्यायची. ज्याला विजेचं बिल जपून भरायचं आहे त्याच्यासाठी एवढा हिशेब पुरेसा होता. पण नुसता हिशेब नव्हता. ट्यूब पुढच्या खोलीत लागे, पाहुण्यांना दिसेल अशी. बल्ब न्हाणीघरात, जिन्यात आणि गोठ्यात. देवळाला ट्यूब भेट देणारे त्या नळीवरच लाल रंगात 'यांच्या स्मरणार्थ' एवढं ऐसपैस लिहीत की उजेड निम्मा नावातच अडकून राही. उशिरा समजणाऱ्या मुलाला 'ट्यूबलाइट' म्हणायची पद्धतही तेव्हाचीच. पांढरा उजेड म्हणजे प्रगती हे समीकरण आमच्या पिढीने असं रोज संध्याकाळी पाठ केलं.

आता एलईडीची गोष्ट. विजेचा प्रवाह एका विशिष्ट स्फटिकातून गेला की तो न तापताही उजळतो, हे हेन्री राउंड या इंग्रज माणसाने १९०७ सालीच नोंदवलं होतं. रशियात ओलेग लोसेव्ह याने १९२० च्या दशकात त्याचा नेटाने अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला, त्यात १९४२ साली तो उपासमारीने गेला. पुढे १९६२ साली अमेरिकेत निक होलोनियाक याने डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी बनवला. मग पिवळा झाला, हिरवा झाला. पण निळा काही जमेना, आणि निळ्यावाचून पांढरा होत नाही. त्यामुळे हे दिवे तीस वर्षं नुसते यंत्रांवरचे लाल-हिरवे ठिपके होऊन राहिले.

निळ्याची कोंडी जपानमध्ये फुटली. नागोया विद्यापीठातले इसामु अकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी १९८० च्या दशकात गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक वाढवून दाखवला. तिकडे शिकोकू बेटावरच्या निचिया नावाच्या कंपनीत शुजी नाकामुरा त्याच वाटेने चालले होते. त्यांनी १९९३ साली झगझगीत निळा एलईडी जगापुढे ठेवला. तिघांना मिळून २०१४ सालचं नोबेल मिळालं. नाकामुरांना या शोधाबद्दल कंपनीकडून मिळालेलं बक्षीस फक्त २० हजार येनचं होतं. पुढे ते कोर्टात गेले आणि २००५ साली ८० कोटी येनहून मोठ्या रकमेवर तडजोड झाली.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. निचिया ही मुळात ट्यूबच्या आणि टीव्हीच्या पडद्याच्या आत लावायची भुकटी बनवणारी कंपनी. त्यामुळे निळा दिवा हातात आल्यावर त्यावर पिवळी भुकटी चढवली की पांढरा उजेड मिळेल, हे घरचंच ज्ञान होतं. १९९६ साली तसा पांढरा एलईडी बाजारात आला. आणि त्या पिवळ्या भुकटीत काय असतं? सेरियम! वेल्सबाखच्या गॅसबत्तीतला तोच एक भाग. वरातीतल्या बत्तीचा आणि दिवाणखान्यातल्या पट्टीचा एवढा धागा शिल्लक आहे.

विझलेली पट्टी हातात घेऊन पाहा. ओळीने पिवळे ठिपके दिसतील. त्या प्रत्येक ठिपक्याखाली एक निळा दिवा आहे. वॉर्म पट्टीवरचं मिश्रण दाट आणि नारिंगीकडे झुकणारं असतं, कूल पट्टीवरचं हलकं. फरक काय तो एवढाच. वीज सारखी, किंमत जवळपास सारखी. म्हणजे या दोन रंगांतला गरीब-श्रीमंत हा भेद यंत्राच्या दृष्टीने संपलेला आहे, उरलाय तो आपल्या डोक्यात.

आपल्याकडे तो संपायला आणखी एक कारण घडलं. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली. एकगठ्ठा खरेदीमुळे तीनशे-साडेतीनशे रुपयांचा एलईडी बल्ब सत्तर-ऐंशी रुपयांवर आला आणि या योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. आमच्या घरी आले ते सगळे लख्ख पांढरे. पांढरा उजेड असा घरोघरी पोचला आणि त्याचं अप्रूप गेलं. नेमकं तेव्हाच हॉटेलं, कपड्यांची दुकानं आणि मालिकांमधली घरं पिवळी होऊ लागली. पांढरा उरला ऑफिसात, बँकेत आणि दवाखान्यात. नातू ज्या घरात वाढला तिथे कंदील फक्त दिवाळीत आकाशकंदील म्हणून माहीत. त्याला पिवळ्यात काजळी दिसत नाही, निवांतपणा दिसतो. दोघेही आपापल्या आठवणीने उजेड निवडत होते. चूक कुणाचीच नाही.

माझं मत सांगण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं चार महिन्यांनी. मधल्या काळात मी एकच भिंत दोन रंगांत पाहत होते. उजव्या डोळ्याने पांढरी, डाव्याने चहा सांडल्यासारखी. डॉक्टरांनी समजावलं की वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि आत उजेडही कमी पोचतो. हे इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणजे दिरांना पांढरा उजेड हवासा वाटतो त्यात आठवणीचा भाग आहे तसा भिंगाचाही आहे. त्यांच्या डोळ्यात एक पिवळी काच आधीच बसलेली आहे. म्हाताऱ्या माणसाने 'दिसत नाही' म्हटलं की ती हटवादी तक्रार समजू नये.

दुसरी बाजूही आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यात पाहण्याखेरीज आणखी एक काम करणाऱ्या पेशी आहेत, हे २००२ साली प्रयोगांतून दिसून आलं. त्या निळ्या उजेडाला जास्त जागतात आणि मेंदूला दिवस आहे असं कळवतात. रात्री उशिरापर्यंत निळसर पांढऱ्या उजेडात बसलं की झोप लांबते ती त्यामुळे. दुपारी हवा तो उजेड मध्यरात्री नको. आजोबा-पणजोबांच्या समया याबाबतीत बिनधोक होत्या.

म्हणून घरभर एकच रंग हा हट्टच सोडला. ओट्यावरच्या कपाटाखाली ४००० ची पट्टी लावली, तांदळातला खडा दिसला पाहिजे. दिवाणखान्याच्या खोबणीत सुनेच्या मनासारखी ३००० ची. वाचायच्या खुर्चीशी दिरांसाठी पांढरा दिवा वेगळा. निजायच्या खोलीत २७०० ची छोटी पट्टी पलंगाच्या खाली, रात्री उठलं तर पाय कुठे पडतोय ते दिसण्यापुरती.

पट्टी घेताना केल्विनशिवाय आणखी एक आकडा विचारा, सीआरआय. उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते माप. जुना बल्ब शंभराचा. पट्टी ९० च्या वरची मिळाली तर घ्यावी, नाहीतर हळद आणि कुंकू दोन्ही मलूल दिसतात. दुकानात कोथिंबिरीची काडी नाहीतर साडीचा पदर उजेडाखाली धरून पाहिला तरी कळतं.

लावण्याबद्दल चार गोष्टी. घरात साधारण १२ किंवा २४ व्होल्टची पट्टी लावतात आणि तिला ड्रायव्हर म्हणजे वीज उतरवणारी पेटी लागते. मीटरला ९.६ वॉटची पाच मीटर पट्टी म्हणजे ४८ वॉट, तर पेटी ६० वॉटची घ्यावी, काठोकाठ घेऊ नये. पट्टी कात्रीच्या खुणेवरच कापायची. १२ व्होल्टच्या पट्टीत साधारणपणे तीन-तीन दिव्यांचा गट असतो, कारण एका दिव्याला सुमारे तीन व्होल्ट लागतात. गटाच्या मध्ये कापलं की तो गट गेला. पाच मीटरच्या पुढे एकाच टोकाने वीज दिली तर दुसरं टोक मंद पडतं, आमच्या लहानपणच्या बल्बसारखं. तिथे दोन्ही टोकांनी तार द्यावी किंवा दोन वेगळे तुकडे करावेत. चिकटपट्टी डिस्टेंपरवर टिकत नाही. अॅल्युमिनियमची खाच स्क्रूने बसवून तिच्यात पट्टी घातली की ती पडतही नाही आणि तापतही नाही, म्हणून जास्त वर्षं चालते. ओट्यापाशी वाफ असते, तिथे सिलिकॉनचं आवरण असलेलीच घ्यावी. २३० व्होल्टवर थेट चालणारी दोरीसारखी पट्टी स्वस्त पडते, पण हात पोचेल अशा जागी ती लावू नये.

आणि शेवटचं, वायरमनला काम सुरू होण्याआधीच सांगायचं. प्रत्येक पट्टीला वेगळं बटण हवं. सगळ्या पट्ट्या एका बटणावर घेतल्या तर त्याची तार वाचते, पण मग ओट्यावर चहा करायला घरभर उजेड लागतो. उजेड स्वस्त झाला म्हणून तो रात्रभर जळत ठेवायची सवय लागते, आणि ती वीज अजूनही कुणाच्या तरी धरणातून किंवा कुणाच्या तरी गावाशेजारच्या कोळशातून येते. आमच्याकडे दारापाशी आता पाच बटणं आहेत. वर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, अक्षर मोठं काढलंय.